तिथीची पाऊणपट

आम्हा हिंदमातावाल्यांना भरती म्हटलं की समुद्र डोळ्यांसमोर येत नाही, जिन्याची खालची पायरी येते. हा सगळा भाग बशीसारखा खोलगट. पावसाळ्यात वर्तमानपत्रात भरतीची वेळ आणि उंची छापून येते. त्यात साडेचार मीटरच्या वरचा आकडा दिसला आणि बाहेर पावसाने धरलं, की कापडाचे दुकानदार गाठोडी वरच्या फळीवर चढवायला लागतात आणि आमच्या तळमजल्यावरच्या काकू तांदळाचा डबा ओट्यावर ठेवतात. समुद्र वर आला की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि रस्त्यावरच्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. आता पंप आहेत, जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्यात, पूर्वीपेक्षा बरं आहे म्हणायचं. पण २६ जुलै २००५ आम्ही कुणी विसरलेलो नाही. तिकडे सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे आमच्या गल्लीत पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत फिरत होती. मी तेव्हा ५३ वर्षांचा. पोहता येत नसल्यामुळे खिडकीतून बघत होतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, मंडळी, गेल्या हिवाळ्यापासून मीच ट्यूबमध्ये बसायला लागलोय. तेही गल्लीत नव्हे, शिवडीच्या खाऱ्या पाण्यात. आणि मासे धरायला!

झालं असं. आमचे चिरंजीव सॅन दिएगोला असतात. २०२३ साली दोन महिने त्यांच्याकडे होतो. तिथल्या खाडीकाठी रोज फिरायला जायचो. एके सकाळी माझ्याच वयाचा एक गृहस्थ पायात पोहणाऱ्यांचे रबरी पंखे घालून, कमरेभोवती घोड्याच्या नालासारखी फुगवलेली ट्यूब धरून पाण्यात उलटा चालत चालला होता. पाठ समुद्राकडे, तोंड माझ्याकडे. मला पाहून त्याने हात केला आणि तसाच मागे मागे जात पाण्यावर तरंगायला लागला. मग आरामखुर्चीत बसल्यासारखा बसून गळ टाकला. इंजिन नाही, वल्हं नाही. पाय हलवायचे आणि पाठीच्या दिशेने जायचं. मी तासभर उभा होतो. घरी येऊन इतक्या वेळा ते वर्णन केलं की परत निघताना चिरंजीवांनी तसली ट्यूबच बॅगेत घालून दिली. हवा काढली की चादरीच्या घडीएवढी होते.

आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, सत्तरी झाली. आता रबराच्या चकतीत बसून बुडायचं तेवढं राहिलंय."

बुडायची भीती मलाही होतीच. म्हणून आधी दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर पोहायला शिकलो. त्याची हकीकत मोठी आणि बरीचशी लाजिरवाणी आहे, ती पुन्हा कधीतरी. बेताचं हातपाय मारायला यायला लागल्यावर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. हा शिवडीच्या कोळीवाड्यातला. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडायचं नाही. इथे त्याला नाखवा म्हणतो. मागे एकदा रोहित पक्षी बघायला शिवडीला गेलो होतो, तेव्हा "सर!" म्हणून त्यानेच हाक मारली होती. नाहीतर मी काही त्याला ओळखलं नसतं. नववीपर्यंत माझ्या वर्गात होता. नववी पास झाला नाही.

नाखव्याने ट्यूब उलटसुलट करून पाहिली, दाबून पाहिली, मांडीवर घ्यायच्या जाळीच्या पडद्यावर मासा मोजायला आखलेली पट्टी पाहून हसला. म्हणाला, "सर, या बदकाच्या पायांनी आमच्या चिखलात एक पाऊल टाकलात तर तिथंच उभे राहाल." शिवडीचा काठ म्हणजे नुसता गाळ. तिथे सॅन दिएगोसारखं उलटं चालत पाण्यात शिरणं शक्यच नाही. म्हणून मी त्याच्या होडीतून जायचं आणि भरतीच्या शेवटच्या तासाला होडीच्या कडेने ट्यूबमध्ये उतरायचं असं ठरलं. ट्यूबला दोर, दोराचं दुसरं टोक होडीला. पहिले चार धडे मी दाव्याला बांधलेल्या वासरासारखा होडीभोवती फिरलो. अंगात लाइफ जॅकेट. बंदराच्या हद्दीत जायचं नाही, नांगरलेल्या होड्यांच्या आतच राहायचं आणि पाणी उतरायला लागल्यावर तासाभरात बाहेर, या त्याच्या अटी. आणि मी हे वाचणाऱ्यांपैकी ज्येष्ठांना स्पष्टच सांगतो, असा जाणता माणूस हाताशी असल्याशिवाय हा उद्योग करू नये.

माझी चकचकीत काठी आणि चरखी त्याने होडीतच ठेवायला लावली. हातात नुसता तंगूस दिला, टोकाला शिशाचा तुकडा, गळाला कोळंबी. "आधी बोटाला कळू द्या." बोटाला काय कळायचं? पहिले दोन धडे मला फक्त बूड कळलं, म्हणजे शिसं चिखलावर टेकल्याचा एक मऊ धक्का. तिसऱ्या धड्याला कुणीतरी दारावर टकटक करून पळून जावं तसं काहीतरी झालं. ओढून पाहिलं तर गळ स्वच्छ, कोळंबी गायब. नाखवा म्हणाला, "खेकडा असंल." पुढे मला खेकड्याचं कुरतडणं आणि माशाचं ओढणं यातला फरक समजायला लागला. तो शब्दांत सांगता येत नाही. ३३ वर्षं शब्दांत सांगण्यावरच पोट भरलं, त्यामुळे हे जरा जड गेलं.

पाय मारायची सवयही वेगळीच. बाहेर जाताना तोंड किनाऱ्याकडे असतं. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो ते मात्र सगळं दिसतं. शिवडीचा किल्ला, त्यामागे परळचे टॉवर. माझे वडील ज्या भोंग्यांवर उठायचे त्या गिरण्यांच्या जागी हे उभे राहिलेत. उजव्या हाताला २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू, त्यावरून गाड्या न्हावाशेव्याकडे पळताहेत. आणि पाण्यात पाय हलवणारा मी.

पहिला मासा लागला सहाव्या धड्याला. शिंगाळा. हातभर नव्हता, पण मला वाटलं खाली कुणी माणूसच ओढतोय. मी आनंदाने त्याला ट्यूबकडे खेचत असताना नाखवा होडीतून ओरडला, "सर, लांब! लांब धरा त्याला!" शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे करवतीसारखे काटे असतात, विषारी. हाताला लागला तर रात्रभर ठणका, आणि ट्यूबला लागला तर... मी ज्यावर बसलो होतो ते कापड आणि हवा. हात पुढे ताठ करून, त्याला झुलवत, पाय मारत होडीपर्यंत गेलो. नाखव्याने पकडीने काटे मोडले आणि मासा टोपलीत टाकला. मग शांतपणे म्हणाला, "होडीवाल्याला मासा धरायचा असतो. तुम्हाला आधी सोडायचा कसा ते यायला हवं."

धडा कधी, हे तोच ठरवायचा. आदल्या दिवशी फोन यायचा, "उद्या या सर, सातला." मी कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने गोल करायचो. मार्चच्या सुमारास एकदा सौ. पान उलटत होत्या, म्हणाल्या, "तुमचा हा नाखवा उपासतापास करतो का? सगळे गोल अष्टमी, नवमी, दशमी, एकादशीलाच." पाहिलं तर खरंच. शुद्ध काय, वद्य काय, पंधरा दिवसांतले तेच चार दिवस. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास एकही गोल नाही.

कारण सोपं आहे, आणि मी भूगोलाचा मास्तर आहे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं. हे उधाण. अष्टमीनंतर दोन-तीन दिवस पाणी मंद असतं. तो भांग. माझ्यासारख्याला ट्यूबमध्ये सोडायचं तर भांगातच. आणि दुसरं म्हणजे उधाणाच्या दिवसांत नाखव्याला वेळच नसतो. त्याच्या घरचं मासेमारीचं काम डोलीचं. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं निमुळतं जाळं. ते कुणी ओढत नाही, पाण्याचा ओघच मासळी आत लोटतो. ओघ जोराचा तर मासळी जास्त. म्हणजे उधाणात कामाला, भांगात मोकळा. लहानपणी वडिलांबरोबर जायचा तेव्हाही हेच असणार.

कालनिर्णय हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो.

१९८८-८९ चं वर्ष. हा मुलगा एक आठवडा हजर, एक आठवडा गायब, पुन्हा हजर. हजेरीपटावर लाल शाईच्या खुणांचे पट्टेच्या पट्टे. मी वडिलांना बोलावून घेतलं. ते आले, दाराशी उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, "उधाण होतं, सर." एवढंच. उधाण हा शब्द मी मुलांना निबंधासाठी द्यायचो, आनंदाला उधाण आले वगैरे. मला ती नेहमीची सबब वाटली. शाळेचा नियम ७५ टक्के हजेरीचा. त्याची भरली नाही, मी तसा शेरा लिहिला, आणि जूनमध्ये तो परत आला नाही.

त्याच वर्षातला एक तास मला लख्ख आठवतो. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून मी विचारलं होतं, भरती केव्हा येते? शेवटच्या बाकावरून हा उठला. "आज तिथी काय, सर? षष्ठी? मग साडेचारला." वर्ग हसला. मी म्हणालो, "ही शाळा आहे, पंचांगाचं दुकान नाही. बस खाली."

त्याचं उत्तर बरोबर होतं. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. षष्ठी, ६ ची पाऊणपट साडेचार. त्या रात्री मी कागद घेऊन मांडून पाहिलं. चोवीस तासांचे तीस तिथींत भाग केले की ४८ मिनिटं येतात. कोळी ४५ धरतात, कारण पाऊण तास तोंडी करायला सोपा. तिथीमागे तीन मिनिटांची तूट, पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटांची. म्हणून हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण पाणी बाराच्या सुमाराला भरतं. मग नवा पक्ष, हिशेब पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे चूक कधी पाऊण तासाच्या पुढे जातच नाही. किती हुशारीची गोष्ट! हे मी त्या दिवशी फळ्यावर मांडलं असतं तर वर्गाला चंद्र जन्मभर लक्षात राहिला असता. आणि ७५ टक्के म्हणजे तरी काय, पाऊणपटच की.

पुढच्या धड्याला बोलायचं ठरवून गेलो. होडीत बोलायला धीर झाला नाही, ट्यूबमध्ये बसल्यावर झाला. दोर आता सोडलेला असतो, पण मी होडीला धरून होतो. पाणी भरून थांबलं होतं, ना आत ना बाहेर. मी म्हणालो, "अरे, नववीत तू ज्या दिवशी यायचा नाहीस ते सगळे उधाणाचे दिवस होते. मला ते आत्ता कळलं."

तो तंगूस गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला. मग म्हणाला, "मना वाटायचं तुम्हाला ठाऊक हाय. भूगोल तुमचाच होता ना, सर."

रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. इतकी वर्षं तो असं समजून चालला होता, की सरांना सगळं माहीत होतं आणि तरीही त्यांनी शेरा मारला. मी "नव्हतं रे माहीत" म्हणालो. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी फिरलं. आत या आता."

परतताना त्याने त्याच्या मुलीचं सांगितलं. बारावी सायन्सला आहे, गणित जड जातंय. मी म्हटलं, मला गणित येत नाही, पण भूगोल लागला तर पाठव. तो मोठ्याने हसला.

पुढचा गोल वद्य दशमीला आहे. १० ची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसहाला होडीत. सौ.नी शिंगाळा घरात आणायला बंदी केली आहे, त्यांना बोय हवा आहे. नाखवा म्हणतो, बोय गळाला सहसा लागत नाही, त्याला जाळंच लागतं. हे मी अजून घरी सांगितलेलं नाही.