न उडालेलं विमान

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून कारापूरच्या आमच्या अंगणातून रात्री विमानांचे दिवे दिसतात. परवा ते बघत धाकटा म्हणाला, "आई, बोइंग २७०७ आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगानं जाणार होतं. एअर इंडियानंही दोन मागितली होती."

"मग?"

"१९७१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटनं पैसे थांबवले. खर्च फार, आवाज कानठळ्या बसवणारा. लाकडी नमुना तेवढा झाला. आणि ते येईपर्यंत वेळ निभावेल म्हणून ज्याच्याकडे बघायचे, ते ७४७ त्याच वर्षी मुंबईत उतरलं, 'सम्राट अशोक'. ७४७ विमानंच पुढं वर्षानुवर्षं उडाली."

मी गप्प. त्यानं इंजिनिअरिंग सोडून वर्ष झालं. डिचोलीच्या गॅरेजात शिकतो, खुशीत असतो. मी मात्र नात्यात सांगते, "परीक्षा चालू आहेत." आपण बायका मुलांचं अर्धवट राहिलेलं आधी झाकतो, मग त्यांना विचारतो.

सकाळी नणंदेचा फोन आला. "परीक्षा कधी संपते गं त्याची?"

"वन्सं, त्यानं कॉलेज सोडलंय. गॅरेजात शिकतोय."

क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "जेवतो ना वेळेवर?"