ताजमधलं बटण

दिवे लावणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. येलदरीच्या जलविद्युत केंद्रात ऑपरेटर म्हणून नोकरी झाली. ७.५ मेगावॅटचे ३ संच, सगळे मिळून २२.५. खाली सिद्धेश्वर धरणासाठी पूर्णेचं पाणी सोडायचं ठरलं की आमची चक्रं फिरायची. आणि अशा माणसाला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात झोपायच्या वेळी खोलीतला दिवा मालवता येईना!

लेकीनं आणि जावयानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं हे परस्पर ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, दादरला पाहुण्यांकडं उतरतो की. ऐकतंय कोण? परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं सीएसएमटी, तिथून टॅक्सी. दारात बॅगा मशीनमधून गेल्या. २००८ च्या हल्ल्यानंतर ते आलंच. पुढं मात्र बॅगा आमच्या हाती पडेनात. एक पोरगा त्या घेऊन निघाला आणि मी त्याच्या मागं. "सर, तुम्ही बसा, सामान खोलीत पोचेल." सामानात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, हिचा सगळा जीव तिकडं.

"अहो, चपला कुठं काढायच्या?" हिनं हळूच विचारलं. फरशी अशी लखलखीत, की तिचंही बरोबरच होतं. कुणी काढत नाही म्हटल्यावर ती गालिच्याच्या कडेकडेनं चालायला लागली.

नाव एकदा लिहून घेतलं, मग जो तो नावानिशी नमस्कार करी. पाणी आलं, पुन्हा पाणी आलं. आपल्याकडं पाण्याचा तांब्या पुढं केला की कुठले, कुणाचे, पाऊसपाणी कसं, एवढं तरी विचारतात. इथं कुणी काहीच विचारेना. पाहुण्याला त्रास नको म्हणून ते विचारत नसणार, हे कळत होतं. तरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

खोलीत गेल्यावर मी आधी कपाट उघडलं. दार उघडलं की आत दिवा लागतो, मिटलं की विझतो. त्यातली गोम मला ठाऊक आहे, दाराच्या चौकटीत बारकासा स्विच दडवलेला असतो. तरी मी पुन्हापुन्हा उघडझाप करून पाहिली. खरी पंचाईत पलंगाशेजारच्या पट्टीनं केली. बटणांची रांग, त्यांवर बारीक बारीक खुणा. एक दाबलं तर पडदे सरकले. दुसरं दाबलं तर न्हाणीघरात अंधार झाला, आणि ही आतच होती.

"लाईट गेली का हो?"

आमच्या कॅम्पात हा प्रश्न नेहमीचाच, म्हणून ती घाबरली नाही. (वीज केंद्राला खेटून राहायचं आणि भारनियमनही सोसायचं! आमची वीज आधी ग्रीडला जाते आणि मग वाट्याला येईल तेवढी माघारी येते, हे सोयऱ्याधायऱ्यांना समजावता समजावता माझी हयात गेली.) शेवटी फोन केला. आलेला मुलगा कोकणातला निघाला. "काका, हे कडेचं दाबा, सगळं बंद." म्हणजे मेन स्विच उशाशी ठेवलेला. आमच्याकडं सगळं बंद करणारं बटण दाबायचं म्हटलं की छातीत धडधडतं. इथं ते झोपेत कूस बदलताना दाबलं जाईल अशा जागी!

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा एक जण पाहुण्यांना इमारत दाखवत फिरवायला निघाला. त्याच्याबरोबर गेलो तेव्हा कुठं मी माणसात आलो. इमारत १९०३ ची, समोरच्या गेटवेच्याही आधीची. गेटवे पुरा झाला १९२४ ला. हॉटेलचा आराखडा आपल्या सीताराम खंडेराव वैद्यांचा आणि डी. एन. मिर्झांचा, पुढं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं तडीला नेलं. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्यानं वास्तुकारानं जीव दिला, अशी एक दंतकथा आहे. तसं काही नाही. मूळचं दार शहराच्या बाजूलाच होतं आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं. ही पटकन म्हणाली, "मग काय! घराचं तोंड वस्तीकडंच ठेवतात, पाण्याकडं कोण करतंय?" जन्म धरणाशेजारी काढलेल्या बाईचं मत आहे ते.

लिफ्ट जर्मनीच्या, पंखे अमेरिकेचे, आणि विजेचे दिवे. इथं माझे कान टवकारले. मुंबईला वीज पुरवणारी कंपनी निघाली १९०५ ला, हॉटेल त्याआधीचं. मग ही वीज आली कुठून? हॉटेलनं स्वतःचीच करून घेतली असणार. आणि हॉटेल उभारणारे जमशेटजी टाटा म्हणजे तेच, ज्यांनी घाटावरचं पावसाचं पाणी अडवून मुंबईसाठी वीज करायचा घाट घातला होता. ते १९०४ ला गेले. खोपोलीच्या केंद्रातली वीज मुंबईला मिळाली ती १९१५ ला. म्हणजे यजमान आमच्याच धंद्यातला निघाला की! मोठ्या जिन्यापाशी त्यांचा पुतळा आहे. त्याला मी मनापासून हात जोडले. बाकीचे पाहुणे फोटो काढत होते.

सकाळी नाश्त्याला इतकं मांडलेलं, की आधी नुसतं हिंडून आलो. हिनं इडली घेतली आणि वर येऊन खिडकीत बसून धपाटा खाल्ला. खाली घारापुरीच्या लाँचा सुटत होत्या.

निघताना मी लेकीला विचारलं, "लाईटबिल किती आलं गं?"

"बाबा, ते खोलीच्या भाड्यातच असतं."

"मग भाडं किती?"

ते तिनं सांगितलं नाही, अजून सांगत नाही. ही म्हणते, विचारूच नका, उगं ताप भरंल.