जुनी गुणपत्रिका

बी.एस्सी.त जेमतेम उत्तीर्ण झालेल्या मुलाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोचे दार कायमचे मिटले, असे वाटते. ते खरे नाही. एमबीबीएसची गुणवत्ता यादी नीटच्या 720 गुणांवर लागते. पदवीचे गुण तीत धरले जात नाहीत. वयाचेही भय नको : ओडिशातील निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान 2020 साली चौसष्टाव्या वर्षी बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले! खरी मेख बारावीत असते. भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेऊन ती उत्तीर्ण व्हावी लागते. ते नसतील तर नीटमधील उत्तम गुणही व्यर्थ. आणि शिकवणीचे शुल्क भरून दोन वर्षे गेल्यावर हे कळणे घराला फार जड जाते.