पट आणि पारा

मुलांच्या संघटनेची सदस्यसंख्या ही वरवर पाहता वार्षिक अहवालातील एक आकडा असते. परंतु तो आकडा कधी फुगतो, कधी रोडावतो आणि मुख्य म्हणजे कोणत्या मुलांना मोजतच नाही, याचा मागोवा घेतला तर प्रौढ समाजाने मुलाला काय मानले, त्याच्याकडे काय मागितले आणि त्याला काय नाकारले, याचा एक छोटा इतिहासच हाती लागतो. बालवीर आणि वीरबाला या जुन्या मराठी नावांनी, आणि आता सर्रास स्काउट आणि गाइड म्हणून, ओळखल्या जाणाऱ्या चळवळीबाबत हे विशेष खरे आहे, कारण तिचे सदस्यत्व एकीकडे नोंदणीशुल्क आणि गणवेश यांनी, तर दुसरीकडे मुलाने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेल्या वचनाने सिद्ध होते. या दोहोंमधले अंतर वाढले की सदस्यत्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो नीट समजून घ्यायचा तर रायपूरमधील ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीकडे पाहणे उपयोगाचे ठरते, कारण तिथल्या गल्ल्यांनी १९३० साली मुलांची अगदी निराळ्या घडणीची संघटना पाहिली होती.

‘पारा’ म्हणजे छत्तीसगडी बोलीत वस्ती, मोहल्ला. ठाणे-पालघरकडील ‘पाड्या’चे ते भावंडच वाटावे. रायपूरचे जुने शहर बुढापारा, तात्यापारा, कंकालीपारा, ब्राह्मणपारा अशा पाऱ्यांनी बनलेले आहे. मराठी वाचकाला हा परिसर परका वाटण्याचे कारण नाही, कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहण्यास सुरुवात केल्यापासून नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या दरबाराशी बांधलेला होता, आणि पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूरच असल्याने तो संबंध टिकून राहिला. १९०० साली निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक वामनराव लाखे होते. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या सप्र्यांचे अखेरचे दिवस रायपुरातच गेले, आणि १९३५ साली येथे महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. अशा जुन्या वस्तीत मुलाचे पहिले सदस्यत्व पाऱ्याचे असते: त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही, आणि मूल चार दिवस खेळायला आले नाही तर त्याची चौकशी आपोआप होते. दुसरे सदस्यत्व पटाचे, म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरील नावाचे. ते नोंदीने मिळते, नोंदीने टिकते आणि नोंद खोडली की संपते. स्काउट चळवळीचा भारतातील प्रवास या दोन प्रकारांच्या ओढाताणीतून झाला आहे, असे म्हणता येते.

चळवळीचा उगम स्वतः पाऱ्याच्या जवळचा होता. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर भरवले, त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले आणि सामान्य घरांतील मुले एकत्र आणून त्यांच्या छोट्या टोळ्या केल्या, आणि प्रत्येक टोळीचा कारभार तिच्यातल्याच एका मुलाकडे सोपवला. टोळीपद्धती म्हणून ओळखली जाणारी ही रचना, ज्यात सहा ते आठ मुले आपल्यातील नायकाच्या हाताखाली काम करतात, हा या चळवळीचा कणा आहे. पुढच्याच वर्षी त्यांचे स्काउटिंगवरील पुस्तक निघाले आणि मुलांनी प्रौढांची वाट न पाहता आपापल्या टोळ्या बांधल्या. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यात निमंत्रण नसताना मुलीही आल्या, आणि त्यांच्या आग्रहातून गाइड चळवळ उभी राहिली. म्हणजे सदस्यत्वाचा पहिला मोठा बदल ज्यांना कोणी मोजले नव्हते त्यांनीच घडवून आणला.

भारतात हीच गोष्ट अधिक कडवटपणे घडली. १९०९ साली बंगळूरमध्ये पहिले स्काउट पथक निघाले आणि १९११ साली मध्य प्रांतातील जबलपूरला पहिले गाइड पथक निघाले. परंतु ही आरंभीची पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना खाकी गणवेश घालून नकाशावाचन आणि संकेतविद्या शिकवावी की नाही, ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने शिक्षणाइतकीच सुरक्षिततेची बाब होती. या नकारावरचा उतारा विनवणीने मिळाला नाही, स्वतंत्र संघटनांनी मिळाला: ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासमध्ये भारतीय मुलांसाठी स्काउट संघटना काढली, आणि १९१८ साली मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काउट शाखा उभी केली. १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बऱ्याच संघटना एकत्र आल्या, पण सेवा समिती बाहेर राहिली, कारण ज्या वचनात ईश्वराबरोबर इंग्लंडच्या राजाप्रती कर्तव्याचा उच्चार होता, ते वचन देशाच्या मुक्तीची स्वप्ने पाहणाऱ्या घरातील मुलाने कोणत्या मनाने घ्यावे, हा प्रश्न सुटलेला नव्हता. १९३७ साली बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांनी ती दरी आणखी रुंदावली आणि पुढच्या वर्षी हिंदुस्तान स्काउट असोसिएशन आकाराला आली.

मधल्या काळात, १९३० च्या सविनय कायदेभंगात, रायपूरच्या मुलांनी या सर्व नोंदवह्यांच्या बाहेर एक संघटना अनुभवली. शहरातील चळवळीचे नेतृत्व तेव्हा पाच जणांकडे होते आणि लोक त्यांना कौतुकाने पाच पांडव म्हणत: वामनराव लाखे हे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. थोरांचे महाभारत असे चालू असताना मुलांनी रामायणाचा आधार घेतला. देशभर निघालेल्या वानर सेनांप्रमाणे रायपुरातही वानर सेना निघाली, तिच्या उभारणीशी यती यतनलाल यांचे आणि नेतृत्वाशी ब्राह्मणपाऱ्यातील बलीराम आझाद या बालकाचे नाव जोडले जाते. या सेनांकडे निरोप पोचवणे, पत्रके वाटणे, झेंडे शिवणे, पोलीस येत असल्याची वर्दी देणे अशी कामे असत. रामायणातील वानरांप्रमाणे ही मुले लहान, निःशस्त्र आणि दुर्लक्षित होती, आणि त्यांचा उपयोग याच दुर्लक्षात होता, कारण गल्लीबोळांतून धावणाऱ्या पोराची झडती सहसा कोणी घेत नाही. गल्ली कुठे फुटते, कोणत्या परसातून कुठे निघता येते, हे जे ज्ञान स्काउटच्या पुस्तकात ‘मार्गशोधन’ म्हणून शिकवले जाते, ते पाऱ्यातल्या मुलाला उपजतच होते. आणि त्या ज्ञानाची कोणाला तरी खरोखरीच गरज होती.

या गरजेकडे लक्ष वेधणे हा येथे वानर सेनेचे स्मरण करण्याचा हेतू आहे. मूल एखाद्या संघटनेत का येते याची उत्तरे पुष्कळ असतात, गणवेशाचे आकर्षण, मित्राची सोबत, पालकांचा आग्रह ही त्यांतली काही. परंतु ते का टिकते याचे उत्तर बहुधा एकच असते, ते म्हणजे आपल्यावाचून काहीतरी अडेल ही जाणीव. वानर सेनेतील मुलाला ही जाणीव परिस्थितीनेच दिली, आणि म्हणूनच परिस्थिती बदलताच ती सेना विरूनही गेली. स्काउट चळवळीने हाती घेतलेले काम त्याहून अवघड होते: संकट नसतानाही मुलाला ही जाणीव व्हावी अशी व्यवस्था करणे. गाठी बांधणे, प्रथमोपचार, तंबू ठोकणे, रोज एक सत्कृत्य करणे ही सगळी त्या व्यवस्थेची साधने होत.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले त्यांत जवाहरलाल नेहरू आणि मौलाना आझाद यांच्या बरोबरीने मध्य प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल मंगलदास पकवासा, नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, तसेच कुंझरू आणि वाजपेयी यांचा वाटा होता. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना अस्तित्वात आली, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाइड संघटना तिच्यात सामील झाली, आणि वचनातील राजाचा उल्लेख जाऊन देश आला. ज्याला ‘ईश्वर’ म्हणायचे नसेल त्याला ‘धर्म’ म्हणण्याची मुभाही मिळाली. सदस्यत्वाचे दार एवढे रुंद पूर्वी कधीच झाले नव्हते. मुले आणि मुली एकाच संघटनेत असण्याची ही रीत भारतात आली तेव्हा अमेरिकेतील मुलांच्या संघटनेला मुलींसाठी दार उघडायला अजून जवळजवळ सात दशके होती.

मात्र हे दार मुख्यतः शाळेच्या भिंतीत बसवले गेले. आज बहुतेक पथके शाळांशी जोडलेली आहेत. शाळा दरवर्षी पथकाची नोंदणी करते, प्रशिक्षण घेतलेला शिक्षक पथकनायक होतो, आणि मूल प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान या पायऱ्या चढत राज्य पुरस्काराकडे आणि त्यापुढे राष्ट्रपती पुरस्काराकडे जाते. क्षेत्रीय रेल्वेंना (झोन) संघटनेत राज्यासारखे स्वतंत्र स्थान असल्याने रायपूरसारख्या रेल्वेच्या शहरात चळवळीला दुसरेही घर आहे, आणि रेल्वेभरतीत स्काउट-गाइडांसाठी राखीव जागा असतात. या व्यवस्थेची ताकद आणि तिचा दुबळेपणा एकाच जागी आहेत. मुख्याध्यापकाच्या एका निर्णयाने शेकडो मुले सदस्य होतात, आणि एका शिक्षकाच्या बदलीने पथक कागदावर उरते. दहावीचे वर्ष जवळ आले की शिकवणीचे तास शिबिराच्या दिवसांवर मात करतात. वाढीव गुण किंवा नोकरीतील राखीव जागा यांसाठी घेतलेले प्रमाणपत्र हाती पडले की सदस्यत्वाचे प्रयोजन संपते. राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा अकादम्या आणि हातातला मोबाइल यांच्याशी असलेली स्पर्धा खरी आहे, परंतु ती मूळ दुखणे नव्हे; ज्या मुलाला आपण कोठे मोजले गेलो आहोत हेच ठाऊक नसते, ते स्पर्धेआधीच हरवलेले असते.

पटावरचे सदस्यत्व किती वेगाने ओसरू शकते हे जगात इतरत्रही दिसले आहे. अमेरिकेत मॉर्मन चर्चने आपल्या मुलांना पिढ्यानपिढ्या सरसकट स्काउट पथकांत घातले आणि २०१९ च्या अखेरीस ही व्यवस्था मोडली, तेव्हा लाखो मुले एकदम बाहेर पडली. त्यातच महासाथ आली आणि मुलांवरील जुन्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे तेथील स्काउट संघटनेला दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला, आणि २०१९ मधील सुमारे वीस लाखांची संख्या २०२१ पर्यंत सात लाख बासष्ट हजारांवर आली. नावातून मुलग्यांचा उल्लेख काढून ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नाव २०२५ मध्ये घेतले गेले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. इंडोनेशियाने २०१३ च्या अभ्यासक्रमात स्काउट उपक्रम शाळांना सक्तीचा केला आणि २०२४ मध्ये मुलाचा सहभाग ऐच्छिक ठरवला. ब्रिटनमध्ये उलट अडचण आहे: तिथे पथके वस्तीत, स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, मुले प्रतीक्षायादीवर असतात आणि संध्याकाळ देणारी मोठी माणसे अपुरी पडतात.

यावरून पारा चांगला आणि पट वाईट असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अन्यायाचे होईल. पाऱ्याचे सदस्यत्व ऊबदार असते, परंतु ते जन्माने मिळते, आणि ब्राह्मणपारा या नावातच जातीची खूण आहे. ज्या समाजात पंडित सुंदरलाल शर्मा यांना दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झटावे लागले आणि १९३३ च्या दौऱ्यात गांधीजींनी त्यांच्या त्या कामाचा गौरव केला, त्या समाजात कोणता पारा कोणाचा, हे मुलालाही ठाऊक असे. पट मात्र सर्वांची नावे एकाखाली एक लिहितो. सरकारी शाळेतील मुलीला घराबाहेरची पहिली रात्र, दुसऱ्या जातीच्या मैत्रिणीबरोबर एका चुलीवर शिजवलेले पहिले जेवण, हे पटामुळेच मिळते, आणि कोणत्याही पाऱ्याने ते तिला आपणहून दिले नसते.

वचनाची योजना याच दोहोंच्या मध्ये झालेली दिसते: ते पाऱ्यासारखे जन्माने लाभत नाही आणि पटासारखे दुसऱ्याने लिहून देता येत नाही. नियमांप्रमाणे शाळेबाहेर, वस्तीतही पथक काढता येते. अशी खुली पथके जुन्या पाऱ्यांत निघाली, आणि शाळांतील पथकांनी शेकड्यांच्या यादीऐवजी टोळीला पुन्हा मध्यवर्ती मानले, तर संख्या कदाचित कमी भरेल, पण तिच्यातील प्रत्येक एकाला वजन येईल. टोळी सहा-आठ मुलांची असावी, हा बेडन-पॉवेल यांचा निर्णय केवळ सोयीचा नव्हता. पाचशे मुलांच्या पटावर एक गैरहजेरी म्हणजे एक रेघ असते. सात जणांच्या टोळीत एक मूल आले नाही, तर तंबूची एक दोरी ताणायची राहते, आणि उरलेले सहा जण दोरीच्या त्या सैल टोकाकडे पाहून त्याचे नाव घेतात.