दर्याचे नाव

आम्ही कोकणी मुसलमान. शाळेत नकाशावर 'अरबी समुद्र' वाचले, की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "तुमचा समुद्र!" आम्ही मान खाली घालत असू.

पुढे कळले, की जुने अरब भूगोलकार याच पाण्याला 'बहर-अल-हिंद', म्हणजे हिंदचा समुद्र म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आलेला बगदादचा अल-मसऊदी तर साऱ्या हिंदी महासागरालाच हबशी समुद्र म्हणतो. म्हणजे नाव देणाऱ्याने आपले नव्हे, समोरच्या किनाऱ्याचे नाव दिले!

आमच्या घरात मात्र तो नुसता 'दर्या'. शब्द फारसी, पण नारळी पौर्णिमेला आमचे कोळी शेजारी त्याच दर्याला नारळ वाहतात.

त्या बाकावरच्या दोस्ताला आज सांगावेसे वाटते : होय, आमचा, आणि तुझाही.