बारीक केसांची मांडणी

केस पातळ असणे हा काही रोग नव्हे. परंतु जिच्या वेणीचे एके काळी साऱ्या घराला कौतुक होते, तिला हे पटवून देणे कठीण. सांगलीच्या पेठेतील एका कापडव्यापारी कुटुंबातील धाकट्या सूनबाईंची अशीच अवस्था झाली. श्रावणात डेंग्यूचा ताप येऊन गेला आणि कार्तिकात कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे होते, मुळे शाबूत असतात, केस पुन्हा येतील, असे डॉक्टरांनी सांगितले. ते खरेही होते. पण नवा केस महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढतो, आणि लग्नसराई तर दाराशी येऊन ठेपली होती.

दुकानात शालू दाखवण्याचे काम त्यांचेच. नवरीच्या खांद्यावर पदर टाकून तिला आरशासमोर उभे करावे, तर त्याच आरशात स्वतःचा रुंदावलेला भांगही दिसे. हळूहळू त्या मागच्या खोलीत हिशेबाच्या वह्यांपाशी बसू लागल्या. जुनी गिऱ्हाइके विचारीत, "वहिनी कुठे आहेत?" घरातल्यांनी मात्र संकोचाने विषय काढला नाही.

सासूबाईंचा उपाय एकच, रोज रात्री खोबरेल. हेतू मायेचा होता. पण बारीक, सरळ केसांवर तेल मुळापासून टोकापर्यंत चटकन पसरते, केस एकमेकांना चिकटतात आणि डोक्याला चपटे बसतात. कोणा पाहुणीने अंड्याचा लेप सुचवला. त्या घरात तो विषय तिथेच संपला.

तोड काढली ती थोरल्या जाऊबाईंनी. माहेरी असताना त्यांनी केशरचनेचा वर्ग केला होता. "कमरेपर्यंतची वेणी ठेवून भरगच्चपणा मागू नकोस. लांबीच केसांना खाली ओढते आहे," असे त्या स्पष्ट बोलल्या. केस खांद्यापर्यंत, आणि तेही सरळ एका रेषेत कापायचे; फार थर पाडले तर विरळ टोके आणखी विरळ दिसतात. सासूबाई दोन दिवस अबोल राहिल्या. कापलेली वेणी त्यांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

पुढची सारी किमया पाण्याची. ओल्या केसातील काही सूक्ष्म दुवे सुटतात आणि वाळताना ते नव्याने जुळतात. म्हणून केस ज्या स्थितीत वाळेल ती स्थिती धरून राहतो. डोके धुतल्यावर कंडिशनर फक्त टोकांना लावायचा, केस पंचाने न घासता टिपून घ्यायचे आणि मान खाली वाकवून मुळांशी वारा लागू द्यायचा. किंचित ओल उरली की चार सैल वेण्या घालून पूर्ण वाळेपर्यंत तशाच ठेवायच्या. सोडल्यावर कंगवा नाही, केवळ बोटे फिरवायची. भांगही नेहमीच्या जागेवरून दोन बोटे सरकवायचा. वर्षानुवर्षे एका अंगाला पडलेले केस दुसऱ्या अंगाला नेले की मुळाशी जरा उभे राहतात. कोकणच्या दमट हवेत हा आकार लवकर मोडतो. सांगलीच्या कोरड्या हिवाळ्यात तो दुकान बंद होईपर्यंत टिकला.

जुन्या बायकांना ही विद्या अपरिचित होती असे मुळीच नाही. गंगावन घालून अंबाडा भरीव करण्याची रीत जुनीच आहे. मात्र तेव्हा एकही केस सुटा दिसता कामा नये. आता किंचित विस्कटलेपणच शोभून दिसते. सासूबाईंना तेवढेच उमगेना. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "विंचरायला विसरलीस का गं?"

मार्गशीर्षात धाकट्या सूनबाई पुन्हा पुढच्या बैठकीवर, आरशासमोर बसू लागल्या. तेलाचा वाद अगदीच मिटला नाही. अखेर असे ठरले की, खोबरेल रविवारीच लावायचे, आणि तेही डोके धुण्यापूर्वी तासभर. सासूबाई घड्याळ पाहून लावतात. कधी कधी दीड तासही होतो.