काळ्या मातीचा छेद

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा काळ्या मातीचा पातळ छेद घासताना पाणी वापरायचं नाही, हा पहिला नियम. बेसॉल्टच्या चकतीला पाणी चालतं. ही माती फुगते. म्हणून ढेकळातला ओलावा आधी अ‍ॅसिटोनने काढायचा, मग रेझिन मुरवायचं आणि घट्ट झालेली वडी रॉकेल-कार्बोरंडममध्ये घासत ०.०३ मिलिमीटर जाडीवर आणायची. इथे मोजपट्टी काय कामाची! एकमेकांना आडव्या ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये क्वार्ट्झचा कण राखाडी-पांढरा दिसला की हात थांबवायचा. पिवळा दिसला तर अजून घासायचं.

अकोला-अमरावतीकडची माती साध्या प्रकाशात नुसता तपकिरी चिखल. पोलरायझर आडवे केले की तिच्यात उजळ रेघा उमटतात. सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की विझतात, पुढे ४५ अंशांवर पुन्हा पेटतात. हे स्मेक्टाइट, जेमतेम नॅनोमीटरभर जाडीच्या पदरांचं खनिज. पदरांच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश आणि पदरांना आडवा कंप पावणारा, दोघांचा वेग वेगळा. एकट्या पदराचं काही दिसत नाही. पावसात फुगताना आणि उन्हाळ्यात भेगाळताना माती स्वतःलाच रेटते, पदर एका दिशेला वळतात, तेव्हा त्यांची बेरीज डोळ्यांना कळते. तीही कडेने. समोर सपाट पडलेला पदर जवळजवळ काळाच राहतो.

नॅनो-प्रकाशविज्ञानात हल्ली याच दिशाभेदाचा मुद्दाम उपयोग करतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइड, म्हणजे ग्रीसमध्ये घालतात तेच, त्याच्या दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक अवरक्त प्रकाशात १.५ च्या आसपास असल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. बार्थोलिनने १६६९ मध्ये ज्यात दुहेरी प्रतिमा पाहिली त्या कॅल्साइटचा फरक ०.१७. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पापुद्र्यातून आडवा धावणारा प्रकाश मग बाहेर फारसा सांडत नाही, शेजारी-शेजारी वाटा आखता येतात. आमचं स्मेक्टाइट त्यापुढे किरकोळच.

मला मात्र कॅल्साइट जास्त बोलकं वाटतं. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या छेदात त्याचे बारीक ठिपके असतात. मंच कितीही फिरवा, मोतिया झळाळी जात नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या पाल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली याच खोऱ्याबद्दल मांडलं: कोरड्या हवामानात कॅल्शियम चुन्यात, म्हणजे याच कॅल्साइटमध्ये, अडकतं, मातीकणांवर सोडियमचा वाटा वाढतो, पाणी मुरेनासं होतं. वावरात पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडते, त्याचं एक मूळ या ठिपक्यांत आहे. मातीपरीक्षणाच्या कागदावर फार तर सोडियमचा आकडा मिळतो, कॅल्शियम कुठे जाऊन बसलं ते मिळत नाही.

तेव्हा छेदासाठी ढेकूळ आणणाऱ्यांना विनंती: पिशवीत कोंबू नका. डब्यात अखंड आणा, आणि वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवून आणा.